ठाणे सोडून सत्तरीतल्या गावी कायमचे राहायला जाण्याविषयी

पाऊसवेडी (ठाणे)

नमस्कार. आम्ही दोघे पंचेचाळिशी ओलांडलेले असून लग्न झाल्यापासून ठाण्यातच राहत आहोत. माझे आजोळ गोव्यातील सत्तरी तालुक्यात, वाळपईहून आत गेल्यावर लागणाऱ्या एका लहान गावात आहे. धाकटे मामा प्रकृतीमुळे आता फोंड्याला मुलाकडे राहतात आणि घर केवळ चवथीपुरते, म्हणजे गणेशचतुर्थीपुरते, उघडते, म्हणून "तुम्हीच येऊन राहा, निदान घरात दिवा तरी लागेल" असे त्यांनी स्वतःहून सुचवले आहे. घर चिऱ्यांचे आणि मंगळुरी कौलांचे आहे. मागे विहीर, ओढ्यालगत लहानसे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आणि चढावर काजूचे भाट, म्हणजे काजूची बाग, आहे. यजमानांचे काम संगणकावरचे असल्याने ते कोठूनही करता येते. मी शाळेतील नोकरी सोडण्याच्या विचारात आहे. मुलगी पुढल्या वर्षी दहावीला बसेल. सासूबाई आमच्याबरोबर असतात; त्यांना मधुमेह आहे आणि हृदयाचे औषधही चालू आहे.

घोडबंदर रस्त्यावरची रोजची कोंडी आणि खिडकीसमोर उभा राहिलेला नवा मनोरा यांना आम्ही कंटाळलो आहोत हे खरे. पण केवळ कंटाळ्याच्या बळावर घर हलवू नये, एवढे भान आम्हाला आहे. गावाची माझी ओळख मे महिन्याच्या सुटीतली आणि चवथीतली, म्हणजे पाहुणीची आहे. ज्यांनी शहर सोडून गोव्यातील खेड्यात संसार मांडला आहे, किंवा मांडून पुन्हा मोडला आहे, त्यांनी तेथील दैनंदिन जीवनातील सुखे आणि अडचणी तपशिलाने सांगाव्यात, अशी विनंती आहे. "फार सुंदर आहे, या" किंवा "असला वेडेपणा करू नका" एवढीच उत्तरे मला घरात पुष्कळ मिळाली आहेत.

कुळागरातला (सत्तरी)

मुंबईतील नोकरी सोडून मी वडिलांच्या गावी परतलो त्याला बराच काळ झाला आणि पुन्हा तिकडे जावे असे मला वाटत नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे मी जे अडचणींचे पुराण लावणार आहे, त्याचा भलता अर्थ काढला जाणार नाही.

आपण मे महिना आणि चवथ पाहिली आहे, पण त्यांच्या मधला पाऊस पाहिलेला नाही. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या वाळपई परिसरात तो त्याहूनही अधिक असतो. जुलैमध्ये कित्येक दिवस सलग ऊन दिसत नाही. कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या वस्तूंवर आणि पुस्तकांच्या बांधणीवर बुरशी येते, चिऱ्यांच्या भिंती ओल धरतात, आणि एका पावसाळ्यात दुर्लक्ष झाले तर वाशांना लागलेली वाळवी पुढील पावसाळ्यापर्यंत छप्पर पोखरते. कौलारू घर दरवर्षी माणसाकडून काम करून घेते. पावसाआधी कौले परतून घ्यावी लागतात, फुटलेली बदलावी लागतात, पन्हळी साफ कराव्या लागतात आणि पश्चिमेकडून येणारी झड अडवण्याची सोय करावी लागते. बंद घराचे तर विचारूच नका. आपले मामा चवथीपुरते घर उघडतात असे आपण लिहिले आहे, त्यावरून छपराची स्थिती जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी, असे मी सुचवीन.

आपल्या यजमानांच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे वीज. जूनच्या पहिल्या वादळी सरींत झाडांच्या फांद्या तारांवर कोसळतात आणि आमच्यासारख्या शेवटच्या वाड्यापर्यंत दुरुस्ती पोहोचेस्तोवर वेळ लागतो. इन्व्हर्टर असला तरी वीज फार काळ गेली की मोबाइलचा मनोराही मान टाकतो, त्यामुळे तारेवरून येणारी इंटरनेट जोडणी आणि दुसऱ्या कंपनीचे सिम अशी दुहेरी व्यवस्था ठेवावी लागते. तरीसुद्धा पावसाळ्यात अधूनमधून वाळपईला जाऊन काम करण्याची तयारी असावी. पाण्याची गोष्ट याच्या उलट आहे. 2022 साली गोव्याला सर्व ग्रामीण घरांपर्यंत नळ पोहोचलेले पहिले राज्य म्हणून केंद्राचे प्रमाणपत्र मिळाले, आणि नळ खरोखरच आहे. परंतु एप्रिल-मे महिन्यांत तो किती वेळ वाहतो हे गावागावांवर आणि वाडा किती उंचावर आहे यावर अवलंबून असते. म्हणून घरामागच्या विहिरीला मेअखेर किती पाणी असते, हे शेजाऱ्यांना विचारून घ्या. ज्या वर्षी पाऊस लांबतो, त्या वर्षी या एका माहितीचे मोल कळते.

कुळागर हा शब्द ऐकायला गोड आहे, पण ते लहान असले तरी पाट काढणे, आळी करणे, शेणखत घालणे ही कामे थांबत नाहीत. पावसात सुपारीवर कोळेरोग येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रणाची फवारणी वेळेवर व्हावी लागते आणि पोफळीवर चढणारे हात आता दुर्मीळ झाले आहेत. माडावर चढून नारळ पाडणारा पाडेली मिळवणे हे तर इकडे ओळखीपाळखीचे काम होऊन बसले आहे. जे हाती लागते त्यात शेकरू, माकडे आणि रानडुकरे आपापला वाटा काढून घेतात; गवा हा आपला राज्यप्राणी असल्याने भाताच्या शेतात त्याचा कळप उतरला की रागही अदबीने आवरावा लागतो. उत्पन्नाचा भरवसा धरून येऊ नका. काजूचे भाट त्या मानाने सुखाचे, कारण तेथे मुख्य कष्ट फेब्रुवारी ते मे एवढ्यापुरतेच असतात. मात्र आरोग्याची एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. 2015 पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा रोग गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि त्याचा जोर कोरड्या महिन्यांत, म्हणजे नेमका काजू गोळा करण्याच्या हंगामात असतो. भाटात किंवा रानात मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे, पायभर कपडे घालावेत आणि ताप आल्यास आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांना सांगावे. फुरसे, घोणस, मण्यार हे शेजारीही ओळखून ठेवावेत. रात्री विजेरीवाचून अंगणात उतरायचे नाही, ही सवय मुलीला पहिल्याच दिवशी लावा.

आता मी येथे का राहतो ते सांगतो. पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे येतात, मागोमाग तायकिळा, अळू, फागली या पावसाळी भाज्या ताटात येतात, आणि जेवणाचा पदार्थ हंगाम ठरवतो, दुकान नव्हे. ऑक्टोबरनंतर भाताची मळणी, हिवाळ्यात बायकांचे धालो हे नाचगाणे, मग शिगमो, असे वर्ष आपोआप पुढे सरकते. पण माझ्या लेखी सर्वांत मोठे सुख देवळाच्या उत्सवातल्या नाटकाचे आहे. गोव्याच्या खेड्यात आजही उत्सवाला गावकरी स्वतः मराठी नाटक बसवतात. बसचा वाहक संभाजी होतो, पंचायतीतला कारकून औरंगजेब होतो आणि दुकानदार पडद्यामागे उभा राहून वाक्ये पुरवतो. नाटकाच्या आधी कित्येक आठवडे दररोज रात्री देवळाच्या सभामंडपात तालीम चालते. मुंबईत मी तिकीट काढून नाटके पाहत होतो, येथे मला पहिल्याच वर्षी भालदाराचे काम मिळाले आणि त्या तालमींत मला गावातली जितकी माणसे कळली, तितकी एरवी दोन-तीन वर्षांत कळली नसती. प्रयोग पहाटेपर्यंत चालतो, नाट्यपदांना 'वन्स मोअर' मिळतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाणारे सगळे पेंगत असतात. आपण शिक्षिका आहात. उच्चार शुद्ध असलेल्या माणसाला तालमीच्या दिवसांत येथे फार मान असतो.

परतलेला (पुणे)

वरील उत्तर मनापासून लिहिले आहे, परंतु त्यात सासूबाईंचा उल्लेख नाही, आणि माझ्या मते या प्रश्नातील निर्णायक व्यक्ती त्याच आहेत.

आम्ही पतिपत्नी निवृत्तीनंतर काणकोण तालुक्यातील एका आतल्या वाड्यावर भाड्याने राहत होतो आणि पत्नीचे आजारपण वाढल्यावर पुण्याला परतलो. गोव्यातील सरकारी आरोग्यसेवा खेड्यांच्या मानाने चांगली आहे, हे मी आवर्जून सांगतो. प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका येते, आणि बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) गंभीर आजारांवर उपचार होतात. प्रश्न अंतराचा आहे. नवा झुआरी पूल झाल्यापासून दक्षिणेकडून बांबोळीला जाणे पुष्कळ सुकर झाले, तरी वाड्यापासून मुख्य रस्त्यापर्यंतची वाट, पावसाळी रात्र आणि रुग्णवाहिकेला पत्ता समजावून सांगणे हे सारे मिळून जो वेळ जातो, तो हृदयविकाराच्या रुग्णाला परवडेल का, याचे उत्तर भावनेने देता येत नाही. तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेहमीच्या तपासणीसाठी जाणे म्हणजेसुद्धा सबंध दिवसाचे काम असते. ज्याला दरमहा तपासणी लागते, त्याच्या घरातल्या एका माणसाचे आयुष्य त्या फेऱ्यांभोवती बांधले जाते.

दुसरी बाब वाहनाची. कदंबच्या, म्हणजे सरकारी, आणि खाजगी बसगाड्या दिवसा असतात. संध्याकाळनंतर आणि रविवारी त्या विरळ होतात. मुंबई-पुण्यात जशी मोबाइलवरून टॅक्सी बोलावता येते, तशी आतल्या गावात रात्री मिळेल असे धरून चालू नये. घरात वाहन चालवणारे दोन जण हवेत, आणि वाहनेही दोन हवीत. खेड्यात खर्च कमी होतो असा जो समज आहे, तो आमच्या बाबतीत खरा ठरला नाही. भाडे कमी झाले, पण वाहने, इन्व्हर्टर, गडीमाणसे आणि पुण्याच्या फेऱ्या यांत ते भरून निघाले.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. खेड्यात एकांत मिळतो, मात्र खाजगीपणा मिळत नाही. आमच्याकडे कोण आले, किती दिवस राहिले, पत्नी देवळात का दिसली नाही, याची चौकशी आपुलकीनेच होत असे आणि मला तिचे काही वाटत नसे. पत्नीला मात्र आयुष्यभर शहरात मिळालेला अनोळखीपणा फार आठवे. ज्यांच्याशी वाचनाविषयी किंवा गाण्याविषयी बोलावे अशा तिच्या मैत्रिणी पुण्यात होत्या, आणि त्या उणिवेची भरपाई सुंदर डोंगरांनी होईना. नोकरी सोडणार आपण आहात, यजमान नव्हेत. म्हणून दिवसभर घरात असताना आपले स्वतःचे काम काय असेल, हे गावाला जाण्यापूर्वी ठरवा.

पाऊसवेडी (ठाणे)

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. भालदाराची गोष्ट यजमानांना वाचून दाखवली आणि सासूबाईंची गोष्ट त्यांनी मला पुन्हा वाचायला लावली. सासूबाईंच्या डॉक्टरांशी आम्ही बोलत आहोत. फोंड्याला मामांकडे खोली मिळू शकते, तेव्हा पावसाळ्यात त्यांनी तेथे राहावे असाही एक पर्याय निघाला आहे. आणखी दोन शंका आहेत. पहिली, मामांच्या शब्दावर आम्ही तेथे दुरुस्तीचा खर्च करणे योग्य आहे काय? दुसरी, मुलीच्या अकरावी-बारावीचे काय करावे?

अंत्रुजकर (फोंडा)

पहिल्या शंकेविषयी लिहितो, कारण माझा जन्म जमिनीच्या कागदांत गेला आहे.

मामा आपले असले, तरी घर केवळ मामांचे आहे काय, हे आधी पाहावे. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा असल्यामुळे मुली व मुलगे समान वारस असतात आणि सामान्यतः पतिपत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते; म्हणजे आजोबांच्या पश्चात वाटणी झालेली नसेल, तर आपल्या दिवंगत किंवा हयात आईचा आणि सर्व मावश्यांचा, तसेच त्यांच्या जोडीदारांचा, त्या घरावर हक्क असण्याचा संभव आहे. वारसदारांची इन्व्हेंटरी, म्हणजे वारस व मालमत्ता यांची कायदेशीर नोंद आणि वाटणी, झाली आहे का, हे विचारावे. त्यानंतर सर्वेक्षण आराखडा आणि एक-चौदाचा उतारा (आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखा) काढून घ्यावा. उताऱ्यावर कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) म्हणून कोणाचे नाव आहे का, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चा मुंडकार कायदा यांनी त्या व्यक्तींना ठोस संरक्षण दिलेले आहे आणि ते योग्यच आहे.

सत्तरीत याशिवाय एक जुने दुखणे आहे. तेथे पोर्तुगीज काळात लागवडीसाठी दिलेल्या अल्वारा जमिनी आहेत, मोकाशांच्या, म्हणजे गाव इनाम मिळालेल्यांच्या, जमिनी आहेत, आणि पिढ्यान्पिढ्या कसणाऱ्या कुटुंबांची नावे मालक म्हणून उताऱ्यावर नसल्याची उदाहरणे वाडावाडावर सापडतात. काजूचे भाट नेमके कोणत्या प्रकारात मोडते ते पाहावे. 1999 साली म्हादई अभयारण्य घोषित झाले तेव्हा त्याच्या हद्दीत काही गावेही आली. आपले आजोळ त्यांपैकी असल्यास बांधकामावरचे निर्बंध समजून घ्यावेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै 2023 मध्ये या क्षेत्राचा व्याघ्र प्रकल्प करण्याचा आदेश दिल्यानंतर ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्यामुळे तेथील लोकांच्या मनात धाकधूक आहे. पुढेमागे गावातच थोडी शेती विकत घ्यावी असा विचार असेल, तर भाताची जमीन शेतकरी नसलेल्या व्यक्तीला विकण्यावर 2023 च्या कायद्याने निर्बंध आलेला आहे, हेही ध्यानात असू द्या.

एवढे सगळे वाचून घाबरू नये. राहण्यासाठी मालकी लागत नाही. सर्व वारसांच्या संमतीने साधा लेखी करार करावा, आपण केलेला दुरुस्तीचा खर्च त्यात नमूद करावा आणि मगच कौलांना हात लावावा. मामांना तसे विचारणे अवघड वाटत असेल, तर वकिलाकरवी विचारावे. घरातल्या घरात कागद केल्याने प्रेम कमी झालेले मी पाहिलेले नाही. न केल्याने झालेले मात्र पुष्कळ पाहिले आहे.

पेडण्याची लेक (पेडणे)

शाळेचे आधी सांगते. वाळपई आणि साखळी येथे उच्च माध्यमिक शिक्षणाची सोय आहे, साखळीला सरकारी महाविद्यालय आहे, अभियांत्रिकी फर्मागुढीला आणि विद्यापीठ ताळगावच्या पठारावर. मात्र व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी गोव्यातील वास्तव्याची अट असते आणि आपल्या मुलीचे शालेय शिक्षण महाराष्ट्रातले असेल. तिला वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीकडे जायचे असल्यास त्या वर्षीचे माहितीपत्रक आधी वाचा. प्रसंगी तिने बारावीपर्यंत ठाण्यात राहणे हेच तिच्या हिताचे ठरेल.

आता थोडे स्पष्ट लिहिते, राग मानू नये. मी गावातच जन्मले आणि गावातच राहते. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी 2023 मध्ये विमाने उडू लागल्यापासून आमच्या तालुक्यात जमिनीचे भाव असे चढले की गावातल्याच मुलाला घरासाठी जागा घेणे कठीण झाले आहे, आणि बार्देशच्या किनाऱ्यालगतची काही गावे तर चवथीलाही गावासारखी दिसत नाहीत. शहरातून येणाऱ्यांना शांतता हवी असते. पण कोंबडा पहाटेच आरवतो, जत्रेचा दशावतारी काला रात्रभर चालतो आणि भातकापणीचे यंत्र रविवारीही घरघरते. येऊन महिना झाला नाही तोच ध्वनिक्षेपकाबद्दल तक्रार करणारे लोक मी पाहिले आहेत. दहानंतरच्या ध्वनिक्षेपकाविषयी कायदा आहे आणि तो पाळला जावा, हे मलाही मान्य आहे; परंतु तक्रार करणाऱ्याने आधी ग्रामसभेत एकदा तरी येऊन बसावे, कचरा आणि रस्ते यांवर काय बोलले जाते ते ऐकावे, असे मला वाटते.

कुळागरातल्या दादांनी लिहिले ते खरे आहे, परंतु ते वडिलांच्या गावी परतले, त्यांना नाटकात भालदार व्हायला कोणी अडवले नाही. आपण तेथे भाची म्हणून जाल. सत्तरीत देवळातले मानपान वांगडींनुसार, म्हणजे गावातल्या मूळ कुळांनुसार, ठरलेले असतात आणि त्यात बाहेरच्याला जागा नसते, हे पहिल्यापासून समजून घेतले तर मन दुखावत नाही. धालोच्या मांडावर बायका आपल्याला हात धरून ओढतील. पालखीच्या मानात मात्र कोणी बोलावणार नाही. कोकणी येत नसेल तरी अडणार नाही, कारण आरत्या, भजने, वर्तमानपत्र हे सारे मराठीतच चालते. तरी घरात बोलतात ती भाषा शिकून घ्या, शेजारणी मग स्वयंपाकघरापर्यंत येतात. आणि मदत घेतलीत की ती परत करण्याची संधी शोधत राहा. आपल्या विहिरीचा पंप कोणी रात्री दुरुस्त करून देईल आणि पैसे घेणार नाही. त्याच्या मुलाला इंग्रजी शिकवण्याची अपेक्षा मात्र त्याच्या मनात असेल आणि ती रास्त आहे. शिक्षिकेला काम काय, हा प्रश्न मला तरी पडला नाही.

कुळागरातला (सत्तरी)

पेडण्याच्या ताईंचा मुद्दा मान्य आहे. माझे आडनाव गावातले असल्यामुळे माझी वाट सोपी झाली. तेव्हा आपण असे करावे: नोकरीचा राजीनामा न देता बिनपगारी रजा मिळते का ते पाहावे, आणि जूनच्या आरंभापासून चवथीपर्यंत दोघांनीच येऊन राहावे. मुलगी आणि सासूबाई तोवर ठाण्यात किंवा फोंड्याला राहू शकतील. विजेचे, ओलीचे आणि यजमानांच्या कामाचे काय होते ते त्या काळात कळून येईल. मात्र त्यासाठी अंत्रुजकरांनी सांगितलेला कागद मार्चपर्यंत व्हायला हवा, कारण कौले परतणारी माणसे एप्रिलपासून कोणालाच मोकळी सापडत नाहीत. आमच्या भागात हे काम चांगले करणारी एक जोडी आहे. आपल्या गावाचे नाव मला खाजगी निरोपात कळवल्यास मी त्यांच्याशी बोलून ठेवीन.